केगमध्ये बिअर-सायडर निवळत नाही, किंवा निवळून पुन्हा गढूळ होते

परवा केगमधून, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद पिंपातून, काढलेला ग्लास इतका नितळ होता की पलीकडच्या पुस्तकातली अक्षरं त्यातून वाचता येत होती. आज त्याच केगमधून काढला तर थेट ताक. चव चांगली, वास चांगला, आंबटपणा नाही. मग बिघडलं काय? प्रेशरखाली आंबवणारे मित्र हा प्रश्न मला दर हिवाळ्यात विचारतात, आणि पहिली चार वर्षं तो माझाही होता. तेव्हा प्रत्येक गढूळ केगवर मी एकच उपाय करायचो : जिलेटिन टाकायचं, थंड करायचं, वाट बघायची. कधी जमायचं, कधी अजिबात नाही. गढूळपणाची कारणं पाचसहा आहेत, दिसतात सगळी सारखीच, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. तुमचा तेवढा जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

मी ब्रिस्टलजवळ राहतो. बिअर वर्षभर चालू असते, आणि ऑक्टोबरात सॉमरसेटची सफरचंदं आली की सायडर. भांडं म्हणजे १९ लिटरचा स्टीलचा कॉर्नी केग, पूर्वी कोल्ड्रिंकच्या पाकासाठी वापरायचे तोच. त्यात १५-१६ लिटर वॉर्ट (धान्याचा न आंबलेला गोड काढा) किंवा रस, वर फेसासाठी मोकळी जागा, आणि केगच्या दोन तोंडांपैकी (एक गॅसचं, एक द्रवाचं) गॅसच्या तोंडावर स्पंडिंग व्हॉल्व, म्हणजे ठरवलेल्या दाबाच्या वरचा वायू आपोआप सोडणारी झडप. कायद्याचंही आधीच सांगतो. इंग्लंडात १९६३ पासून स्वतःपुरती, न विकता, बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि तिथे परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं, जिथे मुभा आहे तिथे राहणाऱ्या मंडळींसाठी.

कितवा ग्लास गढूळ आला?

कुणी "गढूळ आहे" म्हणालं की मी आधी हेच विचारतो. अर्धं निदान इथेच होतं.

पहिला अर्धा-पाऊण लिटर गढूळ आणि मग सगळं नितळ, असं असेल तर काहीही बिघडलेलं नाही. केगमधली नळी तळापर्यंत जाते, तिच्या तोंडाशी बसलेला गाळ आधी बाहेर येतो आणि तिथे खळगा पडतो. त्यानंतर वरची निवळ येत राहते. पहिला ग्लास ओतून द्या आणि केग जागचा हलवू नका.

पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखंच गढूळ असेल तर दोष द्रवातच आहे : थंडीचं धुकं, पेक्टिन (फळांतला चिकट पदार्थ), स्टार्च किंवा खाली बसायला तयार नसलेलं यीस्ट. नितळ, मग गढूळ, मग पुन्हा नितळ असं चालू असेल तर बसलेला गाळ कुणीतरी उठवतंय. आणि दोन-तीन महिने छान राहून अचानक गढूळ झालं असेल तर आत कुणीतरी नवं कामाला लागलंय, म्हणजे जिवाणू किंवा रानटी यीस्ट.

दुसरी तपासणी अगदी फुकट आहे. गढूळ ग्लास ओट्यावर झाकून ठेवा. तासाभरात खोलीच्या तापमानाला आल्यावर आपोआप नितळ झाला तर ते थंडीचं धुकं : धान्यातली प्रथिनं आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि धान्याची साल यांमधली पॉलिफेनॉलं (तुरट द्रव्यं) थंडीत एकमेकांना धरतात, उबेत सोडतात. रात्रभर ठेवल्यावर तळाशी पांढुरका थर आणि वर निवळ दिसली तर ते यीस्ट. दोन्हींपैकी काहीच झालं नाही तर बिअरमध्ये स्टार्चचा आणि सायडरमध्ये पेक्टिनचा संशय घ्या. स्टार्चसाठी पांढऱ्या बशीत चमचाभर बिअर आणि आयोडीनचा एक थेंब. निळं-काळं झालं की समजा मॅश (धान्य गरम पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करण्याची पायरी) अर्धवट राहिला होता. त्या केगला फारसा उपाय नाही, लवकर पिऊन संपवा. पुढच्या वेळी मॅश ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवा आणि उकळायला घेण्याआधी हीच आयोडीनची तपासणी करा.

गव्हाची बिअर किंवा भरपूर ड्राय हॉप केलेली (म्हणजे उकळून झाल्यावर वरून हॉप्स टाकलेली) धुक्याळ आयपीए बिअर करत असाल तर गढूळपणा हाच तिचा स्वभाव आहे, तिच्यामागे लागू नका.

दाब सोडला की गाळ उठतो

"नितळ होती, पुन्हा गढूळ झाली" या तक्रारीचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडलं आहे.

लिंबू-सोड्यात चिमूटभर मीठ टाकल्यावर काय होतं ते आठवा. सोड्यात मुरलेला वायू प्रत्येक कणाच्या आधारानं बुडबुडा होऊन वर धावतो आणि फेस काठावरून उतू जातो. प्रेशरखाली आंबवलेल्या केगच्या तळाशी असे कोट्यवधी कण बसलेले असतात, आणि वर मुरलेल्या वायूची बिअर. जोवर वरचा दाब कायम आहे तोवर सगळं शांत. तुम्ही रिलीफ व्हॉल्वची (झाकणावरच्या दाब सोडणाऱ्या झडपेची) कडी ओढून दाब शून्यावर आणलात, की वायू सुटायला लागतो, आणि त्याला सुटायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे तो यीस्टचा थर. बुडबुडे तिथून निघतात आणि यीस्टला घेऊन वर येतात.

मला रोज संध्याकाळी कडी ओढून "जरा गॅस बघायची" सवय होती. शिवाय ग्लास भरताना फेस फार येतो म्हणून मी दर वेळी दाब पूर्ण सोडायचो आणि प्यायला घ्यायच्या वेळी पुन्हा लावायचो. म्हणजे निवळायला ठेवलेलं पाणी रोज ढवळायचं आणि गढूळ का म्हणून विचारायचं. कडीला हात लावणं बंद केलं त्या महिन्यात माझे निम्मे प्रश्न संपले.

तापमानाचा हिशेबही कळायला हवा. २० अंशांवर १५ पीएसआय (दाबाचं एकक), म्हणजे साधारण १ बार दाबाखाली आंबवलेल्या बिअरमध्ये सुमारे १.७ व्हॉल्यूम वायू मुरलेला असतो. एक लिटर बिअरमध्ये १.७ लिटर वायू. तोच बंद केग २ अंशांपर्यंत थंड केला की वरचा वायू बिअरमध्ये मुरतो आणि दाब दोन-तीन पीएसआयवर येतो. आता गंमत बघा : कॉर्नीचं झाकण आतून दाबानंच बसतं. दाब गेला की रबरी रिंग सैल पडते, केग हळूहळू गळायला लागतो, वायू सुटत राहतो आणि गाळ पूर्ण शांत होत नाही. म्हणून थंड करायला ठेवण्याआधीच कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडा, रेग्युलेटर (सिलिंडरवरचं दाब ठरवायचं बटण) १०-१२ पीएसआयवर ठेवा आणि निवळेपर्यंत तसाच राहू द्या. ४ अंशांवर १२ पीएसआय म्हणजे अडीच व्हॉल्यूमच्या आसपास, बहुतेक बिअरला पुरेसं. झाकणाच्या आणि तोंडांच्या रिंगांवर साबणाचं पाणी फिरवून बुडबुडे येतात का तेही एकदा बघून घ्या.

दाब सोडावाच लागणार असेल, ड्राय हॉप टाकायला किंवा झाकण उघडायला, तर आधी केग पूर्ण थंड करा, मग कडी थोडी-थोडी, तासाभरात सोडा. २० अंशांवर ३० पीएसआयचा केग एका दमात रिकामा केला तर आतला फेस छताला लागू शकतो.

थंडीबद्दल आणखी एक. इंग्लंडातल्या गॅरेजमध्ये मार्चमहिन्यात दिवसा १४ अंश आणि रात्री ३ असतात. केगचा बाहेरचा भाग तापला-निवला की आतला द्रव फिरतो, आणि हलकं यीस्ट त्याच्याबरोबर फिरतं. किती अंशांवर ठेवता यापेक्षा ते अंश एकसारखे राहतात का, हे जास्त बघा. जुना फ्रिज आणि साधा थर्मोस्टॅट यांचं काम इथे आहे.

नळी

तळापर्यंतची नळी दीड-दोन सेंटिमीटर कापली तर गाळाच्या वरून ओढता येतं, पण मग तळाची थोडी बिअर वाया जाते. मला तरंगती नळी आवडते : लवचीक सिलिकॉनची नळी आणि टोकाला स्टीलचा पोकळ गोळा. बिअर वरून खाली निवळत येते, त्यामुळे पृष्ठभागाजवळून ओढलं की चारपाच दिवसांतच नितळ ग्लास मिळू लागतो.

पण तिचेही दोष आहेत. सिलिकॉनची नळी लांब असेल तर दुमडते आणि गोळा भिंतीला अडकतो. द्रव खाली गेला की नळीचं तोंड हवेत राहतं आणि नुसता गॅस येतो. किंवा नळीचा मधला पोटासारखा भाग गाळावर घासतो आणि केग जरा हलला की थर खरवडतो. केग रिकामा असताना झाकणातून हात घालून बघा, नळी तळाला टेकेल इतकीच लांब हवी. हॉप्सचे तुकडे असतील तर तोंडावर बारीक जाळी चढवा किंवा हॉप्सच पिशवीत घाला. मधूनच धार आटली तर बहुधा हॉप्सच अडकलेत.

निवळीचं बी आणि जिलेटिन

आजीच्या गावी पावसाळ्यात विहिरीचं पाणी मातकट व्हायचं. ती निवळीची बी सहाणेवर उगाळून घागरीत घालायची, किंवा तुरटी दोन वेळा फिरवायची, आणि मग घागरीला कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यायची. फाइनिंगच्या, म्हणजे निवळ करणाऱ्या, ज्या पुड्या दुकानात मिळतात त्यांतल्या बहुतेकींचं तत्त्व हेच आहे : गढूळ करणाऱ्या कणांना विरुद्ध भाराचं काहीतरी द्यायचं, म्हणजे ते एकमेकांना धरून जड होतात आणि बसतात. (बिअरमध्ये तुरटी घालू नका. मला हे खरंच विचारलं गेलं आहे.)

बिअरमध्ये जिलेटिनचे कण धनभारित असतात आणि यीस्ट ऋणभारित, म्हणून दोघं जुळतात. १९ लिटरला अर्धा चमचा, दीड-दोन ग्रॅम, पुरतं. कपभर थंड पाण्यात ते दहा मिनिटं फुलू द्या, मग ६५-७० अंशांपर्यंत गरम करा. उकळलं की ते निकामी होतं. बिअर आधी २-३ अंशांपर्यंत थंड झालेली हवी, कारण थंडीचं धुकं तयार झाल्यावरच जिलेटिन ते पकडू शकतं. कोमट बिअरमध्ये घातलं तर यीस्ट बसेल, धुकं नंतर येईल, आणि तुम्ही म्हणाल जिलेटिन चाललं नाही.

दाबाखालच्या केगमध्ये ते घालायचं कसं, ही खरी अडचण. झाकण उघडू नका. कोल्ड्रिंकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत द्रावण थोडं निवू द्या, तिला कार्बोनेशन कॅप (गॅसची नळी जोडता येणारं झाकण) लावा, बाटली दाबून हवा काढा, मग सिलिंडरनं केगपेक्षा चारपाच पीएसआय जास्त दाब द्या. बाटली उलटी धरून छोट्या नळीनं केगच्या गॅसच्या तोंडाला जोडा. द्रवाच्या तोंडातून घातलं तर ते तळाच्या नळीतून थेट गाळात जाईल आणि गाळच ढवळेल. वरून गेलं पाहिजे. दोन दिवस हात लावू नका.

जिलेटिन गाय-डुकरांच्या हाडा-कातड्यापासून येतं आणि आयसिंग्लास माशाच्या हवेच्या पिशवीपासून. घरी शाकाहारी पाहुणे येणार असतील तर त्यांना आधी सांगा. हे न सांगणं मला चुकीचं वाटतं. माझ्या स्वतःच्या केगमध्ये आता मी बहुतेक वेळा काहीच घालत नाही. वॉर्ट उकळताना शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस, म्हणजे एक समुद्री शेवाळ, नंतर झपाट्यानं थंड करणं आणि शेवटी १ अंशावर तीन आठवडे. दाबाखाली लागर (थंडीत मुरवायची बिअर) करत असाल, डब्ल्यू-३४/७० सारखं यीस्ट १८-२० अंशांवर १ बारवर, तर आंबायला आठवडा लागेल, पण निवळायला पुढचे तीनचार आठवडे द्यावेच लागतात. दाबामुळे आंबणं लवकर उरकतं, बसणं उरकत नाही.

सायडरचं दुखणं वेगळं

बिअरवाले इथे हमखास फसतात, कारण ते थंडी आणि जिलेटिन घेऊन येतात. सायडरमधला न जाणारा गढूळपणा बहुतेकदा पेक्टिनचा असतो, ज्यामुळे जॅम घट्ट होतो तेच ते. रस तापवला, पिठूळ झालेली सफरचंदं वापरली किंवा मिक्सरमधून लगदा करून पिळला की ते जास्त उतरतं. थंडीनं ते बसत नाही.

ओळखायची रीत : बाटलीत एक भाग सायडर आणि तीन-चार भाग मेथिलेटेड स्पिरिट, हलवा, दहा मिनिटं ठेवा. जेलीसारखे धागे किंवा गोळे दिसले की पेक्टिन. तपासलेलं मिश्रण विषारी आहे, लगेच ओतून द्या.

उपाय पेक्टोलेज हे एन्झाइम. त्याची खरी वेळ आंबवण्याच्या आधीची : रस काढला, ४.५ लिटरला एक याप्रमाणे कॅम्पडेन गोळी (रानटी यीस्ट-जिवाणू रोखणारी सल्फाइटची गोळी) घातली, पेक्टोलेज घातलं, २४ तास ठेवलं, मग यीस्ट. अल्कोहोल तयार झाल्यावर ते मंद चालतं, पण चालतं. पाकिटावरच्या दुप्पट मात्रा घ्या आणि केग फ्रिजातून काढून २० अंशांवर आठवडा-दीड आठवडा ठेवा, स्पंडिंग व्हॉल्व लावून, कारण उबेत दाब वाढणार. गढूळ सायडर फ्रिजातून बाहेर काढायचा हे मनाला उलटं वाटतं, पण एन्झाइमला ऊब लागते. नंतर पुन्हा थंड करा.

आणि जिलेटिन? डॅबिनेट किंवा किंग्स्टन ब्लॅकसारख्या तुरट सफरचंदांच्या सायडरमध्ये ते चालतं, कारण त्याला धरायला टॅनिन असतं. सुपरमार्केटच्या गोड सफरचंदांत आणि ब्रॅम्ली या आंबट जातीत टॅनिन फारच कमी. तिथे जिलेटिनला जोडीदार मिळत नाही, ते स्वतःच तरंगत राहतं आणि सायडर आधीपेक्षा गढूळ होतो. मी सलग दोन वर्षं हेच केलं, आणि दुसऱ्या वर्षी मात्रा वाढवून. अशा सायडरला बेंटोनाइट बरं. ती एक माती आहे, ऋणभारित, जास्तीची प्रथिनं आणि जिलेटिनही ओढून नेते.

हिवाळ्यात नितळ असलेला सायडर एप्रिल-मेमध्ये किंचित गढूळ झाला, दाब आपोआप वाढला आणि चव मऊ झाली, तर तो मॅलोलॅक्टिक बदल आहे : जिवाणू सफरचंदातलं मॅलिक आम्ल लॅक्टिकमध्ये बदलतात आणि वायू सोडतात. पिण्याला धोका नाही, थांबलं की पुन्हा निवळतो. पण केगवर झडप नसेल तर त्या दाबाकडे लक्ष ठेवा. सायडर तेलासारखा तार धरून ओतला जात असेल तर मात्र ती जिवाणूंची दुसरी जात. कॅम्पडेन घालून जोरात ढवळावं लागतं. व्हिनेगरचा वास आला म्हणजे कुठूनतरी हवा शिरते आहे.

झडपेबद्दल, जिवाची गोष्ट म्हणून

१.०५० घनतेचा रस १.००० पर्यंत आंबला की प्रत्येक लिटरमागे साधारण २५ लिटर वायू निघतो. १६ लिटरच्या केगमधून ४०० लिटर. हा सगळा स्पंडिंग व्हॉल्वच्या बारीक भोकातून जायचा असतो, आणि फेस वर चढून ते भोक बुजलं की तो आतच साठतो. म्हणून वर तीन लिटर जागा सोडा, काटा रोज बघा (बघा म्हणतो, कडी ओढा नव्हे), आणि झडप प्रत्येक वेळी खोलून धुवा. प्लास्टिकच्या केगवर ३५ पीएसआयची मर्यादा छापलेली असेल तर ती पाळा. सुरुवातीला फेस चढत असताना दाब ५ पीएसआयच्या खालीच ठेवा, मग वाढवा. तेवढ्यानं फेसही दबतो आणि यीस्टही ताणलं जात नाही. हायड्रोमीटरसाठी (घनता मोजायच्या तरंगत्या नळीसाठी) काढलेला नमुना आधी दोन ग्लासांत वर-खाली ओतून त्यातला वायू घालवा. बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात, आकडा जास्त दिसतो आणि आंबणं अडकलं असा उगाच समज होतो.

गाडीतून न्यायचा असेल तर

दिवाळीनंतरच्या जेवणाला केग लीड्सला न्यायचा, म्हणजे साडेतीन-चार तासांचा रस्ता. पोहोचेपर्यंत तळाचा सगळा गाळ वर आलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत तो बसत नाही. यावर जिलेटिन, थंडी, काहीच लागू पडत नाही. गाळ घरीच ठेवायचा. निघायच्या दोन-तीन दिवस आधी दुसरा केग सॅनिटायझरनं काठोकाठ भरा आणि तो सिलिंडरच्या गॅसनं ढकलून बाहेर काढा, म्हणजे आत हवा राहत नाही. दोन्ही केगमधला दाब सारखा करा, द्रवाचं तोंड द्रवाच्या तोंडाला जोडा, रिकाम्या केगच्या गॅसवर स्पंडिंग व्हॉल्व लावून तो दाबापेक्षा दोन पीएसआय खाली ठेवा आणि भरलेल्या केगला गॅस द्या. बिअर हळूहळू, फेस न होता सरकते. केगच्या बाहेर दव साचतं, त्यावरून पातळी कळते. मूळ केगचा शेवटचा दीड लिटर येऊ लागला की नळी पारदर्शक असेल तर तिच्यात रंग बदललेला दिसतो. तिथे लगेच तोडा. तो उरलेला दीड लिटर घरी जगमध्ये काढा, रात्रभर फ्रिजात झाकून ठेवा, आणि सकाळी वरची निवळ ओतून घेऊन तळाचं यीस्ट पुढच्या वॉर्टसाठी बरणीत भरा.